गटिंग, ताण आणि विवेक : मुलांसाठी बॅडमिंटनची रॅकेट निवडताना

व्यापारी घरातील माणसाला मालाची पारख वेगळी शिकवावी लागत नाही. मूठभर कापूस बोटांनी ओढून धाग्याची लांबी सांगणारे आणि दाणा दाताखाली धरून त्यातील ओल ओळखणारे वडीलधारे पांढरकवड्यासारख्या कापसाच्या गावात आजही भेटतात. परंतु हीच माणसे मुलासाठी बॅडमिंटनची रॅकेट घ्यावयास गेली, की पारख दुकानाबाहेर ठेवून आत शिरतात. मुलगा एखाद्या खेळाडूचे नाव घेतो, दुकानदार काचेच्या कपाटातील महागडी रॅकेट काढतो, ‘हिला तीस पौंडांपर्यंत गटिंग चालते’ असे सांगतो आणि सौदा पुरा होतो. दोन-तीन महिन्यांत चौकटीला तडा जातो किंवा मुलाचा खांदा दुखू लागतो. मग दोष खेळाला दिला जातो.

रॅकेट हाही एक माल आहे. त्याची प्रतवारी आहे, वजन आहे, सोसण्याची मर्यादा आहे. ती समजून घेतली तर पैसा वाचतो आणि मुलाचा हातही सांभाळला जातो. आपल्या घरांच्या दृष्टीने आणखी एक प्रश्न यात दडलेला आहे: या साधनांत कोणत्या जिवाचा अंश आहे? या दोन्ही बाजूंचा विचार या लेखात करावयाचा आहे.

खेळ आपल्याच मातीतला

बॅडमिंटन हा परदेशातून आलेला खेळ असे आपण समजतो. परंतु त्याच्या घडणीत पुण्याचा मोठा वाटा आहे. पुण्याच्या छावणीतील इंग्रज अधिकारी हा खेळ खेळत आणि 1873 च्या सुमारास त्याचे आरंभीचे नियम तेथेच बांधले गेले. त्या काळी या खेळाला ‘पूना’ असेच नाव पडले होते. पुढे सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर यांनी 1956 मध्ये मलायातील सेलांगर स्पर्धा जिंकली. परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. 1961 मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला, तेव्हा पहिल्या मानकऱ्यांत त्यांचे नाव होते.

आपल्या विदर्भाकडे पाहिले तर नागपूरच्या मालविका बनसोड हिने जानेवारी 2022 मध्ये इंडिया ओपन स्पर्धेत सायना नेहवालला 21-17, 21-9 असे हरवले. मुंबईच्या चिराग शेट्टीने सात्विकसाईराज रंकीरेड्डीच्या साथीने 2023 मध्ये दुहेरीत जगातील पहिले स्थान मिळवले. सात्विकच्या एका स्मॅशचा वेग त्याच वर्षी ताशी 565 किलोमीटर इतका मोजला गेला. ही नावे घराघरांत पोचली आणि मुलांच्या तोंडी ‘पौंड’, ‘टेन्शन’, ‘गटिंग’ हे शब्द आले. पांढरकवड्यापासून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर. तेथील स्पर्धेला जाऊन आलेला मुलगा घरी येऊन सांगतो, ‘तिकडे सगळे अठ्ठावीसवर खेळतात.’ येथूनच घरातील चर्चा सुरू होते.

पौंड म्हणजे नेमके काय?

रॅकेटच्या तारा ज्या जोराने ओढून बांधल्या जातात, त्या जोराला ताण म्हणतात आणि तो पौंडांत मोजतात. एक पौंड म्हणजे सुमारे 454 ग्रॅम. आजच्या बहुतेक रॅकेटमध्ये उभ्या तारा 22 असतात. प्रत्येक तार 24 पौंडांनी ओढली, तर 22 तारांचा मिळून ताण 528 पौंड, म्हणजे जवळपास 240 किलो होतो. आपल्या भाषेत बोलायचे तर दोन क्विंटल चाळीस किलोंचा जोर चौकटीला वरून आणि खालून आत ओढत असतो. ताण 28 पौंड केला तर हाच आकडा सुमारे 280 किलोंवर जातो. आडव्या तारांचा जोर वेगळाच. हे सर्व ओझे वाहणाऱ्या संपूर्ण रॅकेटचे स्वतःचे वजन मात्र 80 ते 90 ग्रॅम असते. पावशेराहून किती तरी कमी वजनाची वस्तू दिवसरात्र क्विंटलांचा भार सोसत उभी असते, हे ध्यानात घेतले म्हणजे निवडीचे महत्त्व कळते.

ताण वाढवल्याने फटका अधिक जोरात जातो, हा समज सार्वत्रिक असला तरी तो उलटा आहे. सैल तारा शटलला उसळी देतात. तेथे रॅकेटच थोडे काम करते. घट्ट तारा उसळी कमी देतात, पण शटल कोठे टाकायचे यावर नेमका ताबा देतात. जोर मात्र खेळाडूच्या मनगटातून आणि खांद्यातून यावा लागतो. शिवाय ताण वाढला की तारांच्या जाळीतील ‘गोड जागा’, जेथे शटल लागले असता फटका अचूक बसतो, ती आकसते. तेथून थोडे बाजूला शटल लागले तरी धक्का थेट कोपराकडे जातो. आंतरराष्ट्रीय खेळाडू तीस पौंडांच्या आसपास खेळतात हे खरे. पण त्यांच्या पाठीशी रोजचा कित्येक तासांचा सराव असतो, पिशवीत पाच-सहा रॅकेट असतात आणि स्पर्धेच्या ठिकाणी तारा बांधून देणारा माणूस हजर असतो.

म्हणून साधारण क्रम असा ठेवावा. नवशिक्या मुलांसाठी 18 ते 21 पौंड पुरेसे आहेत. दोन-तीन वर्षे नियमित खेळणाऱ्या व शटल दर वेळी मधोमध घेणाऱ्या खेळाडूने 22 ते 25 पर्यंत जावे. त्यापुढचा ताण प्रशिक्षकाने खेळ पाहून सांगितला तरच घ्यावा, आणि तोही एका वेळी एकाच पौंडाने वाढवावा.

चौकट कशी पारखावी

आता असे समजू, की मूल खरोखरच जास्त ताणाच्या पायरीवर पोचले आहे. त्याच्यासाठी टिकाऊ रॅकेट निवडताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट छापील मर्यादा. चांगल्या रॅकेटच्या दांड्यावर किंवा मुठीच्या वरच्या शंकूसारख्या भागावर बारीक अक्षरांत ताणाची मर्यादा लिहिलेली असते. ‘20-28 पौंड’ अशा स्वरूपात. दुकानदार तोंडी काय सांगतो यापेक्षा हा छापील आकडा प्रमाण मानावा. मर्यादेच्या पलीकडे तारा ताणल्या आणि चौकट मोडली, तर कंपनी सहसा हमी नाकारते. आपल्याला 25 पौंड हवे असतील, तर 28 पर्यंतची मर्यादा असलेली रॅकेट घ्यावी. मर्यादेच्या टोकावर रोज काम करणारी वस्तू फार दिवस टिकत नाही. हे गाडीच्या ॲक्सलला लागू आहे, तसेच रॅकेटलाही.

दुसरी गोष्ट वजनाची खूण. रॅकेटवर 3U, 4U, 5U अशा खुणा असतात. 3U म्हणजे 85 ते 89 ग्रॅम, 4U म्हणजे 80 ते 84 आणि 5U म्हणजे 75 ते 79 ग्रॅम. आकडा वाढतो तसे वजन घटते, हे नीट लक्षात ठेवावे. एकाच नमुन्यात 3U ची ताण सोसण्याची मर्यादा बहुधा 4U पेक्षा थोडी जास्त असते, कारण चौकटीत द्रव्य अधिक असते. अतिशय हलकी रॅकेट हातात सुखद वाटते. पण जास्त ताण व दुहेरीतील धडका यांपुढे ती नाजूक ठरते. वाढत्या वयातील मुलांसाठी 4U हा मध्यम मार्ग होय.

तिसरी गोष्ट घडणीची. स्वस्त रॅकेटमध्ये ॲल्युमिनियम किंवा पोलादाची चौकट असते आणि दांडा जेथे चौकटीला मिळतो तेथे इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखा जोड बाहेरून दिसतो. जास्त ताणाखाली ही चौकट वाकते किंवा जोड सैल पडतो. जास्त ताणासाठी संपूर्ण ग्रॅफाइटची, म्हणजे कार्बन तंतूंची, एकसंध रॅकेट हवी. तिच्यात जोड आतच घडवलेला असतो. चौकटीचा छेद चौकोनी पेटीसारखा असेल तर ती अधिक बळकट असते; हवेला कापणारी पातळ धार असलेली चौकट वेगवान असते, पण तुलनेने नाजूक.

चौथी गोष्ट एका गैरसमजाची. दांडा ताठ असला म्हणजे रॅकेट जास्त ताण सोसते, असे अनेकांना वाटते. दांड्याचा ताठपणा हा खेळाडूच्या हाताच्या वेगाशी संबंधित गुण आहे. ताण सोसते ती वरची चौकट. ज्याचा हात अजून वेगवान झालेला नाही, त्याने ताठ दांडा आणि जास्त ताण ही दोन्ही एकदम घेऊ नयेत. खांदादुखीचा तो सरळ मार्ग आहे.

पाचवी गोष्ट ग्रॉमेट. तार चौकटीच्या ज्या छिद्रांतून जाते, त्या प्रत्येक छिद्रात प्लास्टिकची बारीक नळी बसवलेली असते. ही नळी फुटली तर ताणलेली तार थेट कार्बनला कापू लागते. रॅकेट घेताना सर्व नळ्या तपासाव्यात आणि तारा बदलताना फुटलेल्या नळ्या बदलून घ्याव्यात. काही रुपयांच्या नळीसाठी काही हजारांची चौकट गमावणे हा तोट्याचा व्यवहार आहे.

शेवटी दुकानातली परीक्षा. रॅकेट डोळ्यासमोर आडवी धरून दांडा व चौकट एका रेषेत आहेत का पाहावे. त्याच नमुन्याच्या दुसऱ्या रॅकेटवर ठेवून आकार जुळतो का पाहावे. रंगाचा टवका आणि तडा यांतला फरक ओळखावा: टवक्यावर नख फिरवले तर ते अडत नाही, तड्यात अडकते. नामांकित कंपन्यांच्या नकली रॅकेट बाजारात पुष्कळ आहेत; तेव्हा अधिकृत विक्रेत्याकडून पक्के बिल घेऊनच खरेदी करावी. आपण ग्राहकाला पक्के बिल देतो, तसे ते मागावयालाही संकोचू नये.

तार आणि तार बांधणारा

रॅकेटइतकेच महत्त्व तारेला आहे. जाड तार, सुमारे 0.70 मिलिमीटरची, अधिक काळ टिकते, 0.65 किंवा त्याहून बारीक तार चटकन उसळते आणि चांगला आवाज देते, पण लवकर तुटते. ताण जितका जास्त, तितके तारेचे आयुष्य कमी. समजा, जास्त ताणावरची बारीक तार महिनाभर टिकली आणि दोन-तीन पौंड कमी ताणावरची जाड तार तीन महिने टिकली, तर वर्षाकाठी पहिलीला बारा वेळा गटिंग लागेल, दुसरीला चार वेळा. त्यासाठी यवतमाळ किंवा नागपूर गाठावे लागत असेल, तर फेऱ्यांचा खर्च व वेळ तारेच्या किमतीहून जास्त होतो. लहान गावात राहणाऱ्या खेळाडूने हा हिशेब आधी मांडावा.

तारा बांधणाऱ्याचे यंत्रही पाहावे. रॅकेट यंत्रावर सहा बाजूंनी घट्ट धरली जाते का, हा पहिला प्रश्न. दोनच बाजूंनी धरलेली चौकट जास्त ताणाखाली वेडीवाकडी होऊ शकते. दुसरा प्रश्न काट्याचा. कापसाच्या काट्यात पासंग असेल तर सगळा व्यवहार खोटा, तसेच यंत्राचे माप खोटे असेल तर ‘पंचवीस’ म्हणून सांगितलेला ताण सत्तावीस निघतो. यंत्र शेवटचे केव्हा तपासले, हे विचारण्यात गैर काही नाही. आडव्या तारा उभ्यांपेक्षा साधारण एक-दोन पौंड जास्त ठेवतात, त्यामुळे चौकटीचा आकार टिकतो. नव्या तारांचा ताण पहिल्या एक-दोन दिवसांत थोडा उतरतोच, म्हणून लगेच तक्रार करू नये.

तार तुटली की उरलेल्या तारा तशाच ठेवू नयेत. एका बाजूचा जोर नाहीसा झाल्यावर चौकट असमान ओढली जाते आणि मर्यादेच्या आतील ताणावरही तिला तडा जाऊ शकतो. कात्री घेऊन मधल्या तारांपासून आरंभ करून बाहेरच्या दिशेने उभ्या-आडव्या सर्व तारा ताबडतोब कापाव्यात. हा एक नियम घरातील प्रत्येक खेळाडूला पाठ असावा.

विदर्भाचे ऊन

आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीच्या आत तो याहून किती तरी वर चढतो. कार्बन तंतूंना एकत्र धरणारी राळ आणि नायलॉनची तार या दोन्हींना ही उष्णता मानवत नाही. तार सैल पडते आणि ताणाखालची चौकट कमकुवत होते. हैदराबाद रस्त्याने स्पर्धेला जाताना रॅकेटची पिशवी डिकीत टाकून दुपारभर गाडी उन्हात ठेवू नये. पत्र्याच्या गोदामात किंवा दुकानाच्या पोटमाळ्यावरही ती ठेवू नये. सुट्टीत दोन-तीन महिने खेळ बंद राहणार असेल, तर जास्त ताणाच्या तारा कापून रॅकेट मोकळी ठेवणे बरे. जुन्या लाकडी रॅकेट वापरात नसताना चौकट वाकू नये म्हणून लाकडी पकडीत आवळून ठेवत; काळजीचे रूप बदलले, गरज तीच आहे.

‘गटिंग’ या शब्दात दडलेले

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. मुले ज्याला सहज ‘गटिंग’ म्हणतात, त्या शब्दातील ‘गट’ म्हणजे इंग्रजीत आतडे. पूर्वी रॅकेटच्या तारा गाईच्या किंवा मेंढीच्या आतड्यांपासून करीत. पिंजाऱ्याच्या धनुकलीला लागणारी तांत याच जातीची. बॅडमिंटनमध्ये आज सर्वत्र नायलॉनसारख्या कृत्रिम तंतूंच्या तारा वापरल्या जातात आणि जास्त ताणासाठी त्याच योग्य असतात. म्हणजे तारेच्या बाबतीत आपला आचार आणि खेळाची गरज यांत विरोध उरलेला नाही. शब्द मागे राहिला, वस्तू बदलली. टेनिसमध्ये मात्र प्राण्यांच्या आतड्यांची तार अजून विकली जाते, म्हणून घरात दोन्ही खेळ असतील तर वेष्टनावर ‘नॅचरल गट’ असे लिहिले आहे का, हे पाहून घ्यावे.

मुठीवरील आवरणाचेही तसेच. पूर्वी ते चामड्याचे असे. आज कृत्रिम द्रव्याच्या पट्ट्या मिळतात, तसेच सुती टॉवेलच्या पट्ट्याही मिळतात. आपल्या घामाच्या हवेत सुती पट्टी घाम चांगला शोषते. कापसाच्या मुलखातील खेळाडूला ती शोभतेही.

खरा पेच शटलचा, म्हणजे आपल्याकडे मुले ज्याला ‘फूल’ म्हणतात त्याचा. स्पर्धेतील शटलमध्ये हंस किंवा बदकाच्या पंखातील 16 पिसे असतात, बुडाशी बूच असते आणि त्यावर पातळ चामडे. वजन 4.74 ते 5.50 ग्रॅम. ही पिसे मुख्यतः मांसासाठी वाढवलेल्या पक्ष्यांची असतात. सरावाच्या एका तासात अशी अनेक शटल निकामी होतात. याकडे आपण कसे पाहावे?

खेळाचे नियम येथे आपल्याला वाट देतात. जागतिक महासंघाच्या नियमांनुसार शटल नैसर्गिक किंवा कृत्रिम द्रव्याचे असू शकते. त्याचे उड्डाण पिसांच्या शटलसारखे असावे, इतकीच अट आहे. 2020 मध्ये महासंघाने 2021 पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत कृत्रिम पिसांची शटल वापरण्यास मान्यता जाहीर केली. पिसांचे भाव अलीकडे भरमसाट वाढल्याने कृत्रिम शटलकडे कल वाढतो आहे. सरावासाठी नायलॉनचे शटल कित्येक वर्षांपासून मिळते आणि ते पिसांच्या शटलपेक्षा पुष्कळ जास्त काळ टिकते. त्याच्या बुडाशी रंगीत पट्टा असतो: हिरवा संथ, निळा मध्यम, लाल वेगवान. उष्ण हवेत शटल अधिक वेगाने जाते, म्हणून आपल्याकडे उन्हाळ्यात हिरव्या पट्ट्याचे घ्यावे.

नायलॉनच्या शटलचा स्पर्श वेगळा असतो, हेही मान्य केले पाहिजे. आणि जेथे स्पर्धा पिसांच्या शटलवर होते, तेथे खेळाडूला त्याची थोडी सवय लागतेच. आपल्या परंपरेने हिंसेचे संकल्पी आणि आरंभी असे भेद केले आहेत आणि प्रत्येक कृतीत जयणा राखावयास सांगितले आहे. त्या प्रकाशात एखादे कुटुंब पिसांचे शटल पूर्णपणे वर्ज्य करील. दुसरे रोजचा सराव नायलॉनवर ठेवून केवळ स्पर्धेपुरता अपवाद करील. निर्णय घरातील मोठ्यांनी, गुरुमहाराजांना विचारून आणि मुलाला समजावून घ्यावा. मुलाला न सांगता लादलेला नियम टिकत नाही. कारण समजलेला नियम तो स्वतःच पाळतो. वयात येणारी मुलगी किंवा मुलगा संघातील मित्रांना ‘मी सरावाला नायलॉनचे शटल का वापरतो’ हे आत्मविश्वासाने सांगू लागला, तर तो संस्कार कोणत्याही पदकाइतका मोलाचा आहे.

वेळेचा मेळही असाच घालता येतो. चौविहार पाळणाऱ्या घरात सायंकाळचा सराव आणि सूर्यास्तापूर्वीचे भोजन यांची ओढाताण होते. सकाळच्या सत्राची मागणी चार-पाच पालकांनी मिळून केली, तर बहुतेक प्रशिक्षक ती मान्य करतात, आणि उन्हाळ्यात तर ती सर्वांच्याच सोयीची असते.

एक चांगली, ती पुरे

रॅकेटचे दुकान म्हणजे परिग्रहाची परीक्षाच. दर वर्षी नवा रंग, नवे नाव, नव्या खेळाडूचे चित्र. खेळाडूला प्रत्यक्षात लागते ती हाताला बसलेली एक चांगली रॅकेट. स्पर्धा खेळू लागल्यावर त्याच नमुन्याची, त्याच ताणाची दुसरी, म्हणजे सामन्यात तार तुटली तरी खेळ अडत नाही. लहान झालेली किंवा बदललेली रॅकेट सुस्थितीत असेल तर नव्या ग्रॉमेटसह, माफक ताणाच्या तारा बांधून, गावातील एखाद्या गरजू मुलाला द्यावी. साधर्मिक असो वा नसो, पांढरकवड्यात खेळण्याची इच्छा असलेली पण साधन नसलेली मुले थोडी नाहीत.

थोडक्यात सांगायचे तर दुकानात जाण्यापूर्वी प्रशिक्षकाकडून मुलाला योग्य ताण किती, हे कागदावर लिहून घ्यावे. त्याहून तीन पौंड वरची छापील मर्यादा असलेली, एकसंध ग्रॅफाइटची, 4U किंवा 3U वजनाची रॅकेट पाहावी. तार जाड व कृत्रिम, मुठीला सुती किंवा कृत्रिम पट्टी, सोबत हिरव्या पट्ट्याच्या नायलॉन शटलचा डबा आणि पक्के बिल. आणि घरी आल्यावर एक लहान कात्री रॅकेटच्या पिशवीत टाकून ठेवावी. तार कधी तुटेल ते सांगता येत नाही.